माळा उतरवलेली खोली

गिरणीमागच्या वसाहतीत तिला सगळे बॉबिनमावशी म्हणत. गिरणी चालू होती तोवर ती बॉबिनवर सूत भरायची. नवरा लवकर गेला. तीन पोरं एका खोलीत मावेनात, तेव्हा तिनं फळ्यांचा माळा घातला आणि पोरं त्या माळ्यावरच वाढली.

खोल्या गिरणी कंपनीच्या, त्यात खिळा मारायचीसुद्धा बंदी. तपासनिसाला माळा दिसला की खोली गेलीच. त्यामुळे तो येणार अशी कुणकुण लागली की सगळी ओळ कामाला लागायची. माळे उतरायचे, फळ्या खाटांखाली सरकायच्या, भिंतीतली भोकं साबणानं बुजायची. तपासनीसही शहाणा, खाटेखाली कधी वाकला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

गिरणी बंद पडली, पोरं आपापल्या संसाराला लागली, मावशी मात्र तिथंच राहिली. ही खोली सुटली तर आपलं म्हणावं असं जगात काही उरत नाही, असं तिचं मत होतं. अशात बातमी आली, की वसाहत वारसा म्हणून जपणार आहेत आणि त्यासाठी सरकारी साहेब खोल्या बघायला येताहेत. मावशीची पाचावर धारण बसली.

"अगं, कंपनीच राहिली नाही. आता कोण काढतंय तुला?" शेजारचा फिटर म्हणाला.

"तू गप रे. खोली गेली तर तू सांभाळणारेस मला?"

फिटरनं स्वतःच्या खोलीत चकचकीत फरशी घातली होती, रंगीत छत केलं होतं. त्यातलं त्यानं काहीच काढलं नाही. मावशीनं त्यालाच शिडी धरायला लावून माळा उतरवला, भिंतींना चुना फासला आणि प्लास्टिकचे डबे त्याच्या घरी नेऊन टाकले.

साहेब तरुण होता, अदबीचा होता. मावशीच्या दारात तो थबकलाच. अख्ख्या वसाहतीत ही एकच खोली बांधली तशी राहिली होती. थोड्याच दिवसांत निर्णय आला: बाकीच्यांनी आहे तिथंच राहावं, ही खोली संग्रहालयाला. मावशीला मागच्या ओळीत दुसरी मिळेल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फिटर हसला नाही, एवढं त्याचं भलेपण.

मावशीनं तडक साहेबाला गाठलं. "साहेब, ही खोली खोटी आहे," म्हणाली, आणि सगळं सांगून टाकलं. फळ्या काढून दाखवल्या, फिटरकडून माळा पुन्हा चढवून घेतला. पोरांनी खिळ्यानं कोरलेली चित्रं फळीवर तशीच होती. साहेब बघतच राहिला.

"मावशी, हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. आता माळ्यासकटच ठेवू."

खोटेपणानं गेलेली खोली खरेपणानं पक्की गेली. मावशीला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही. साहेब ओशाळला, पण निर्णय त्याच्या एकट्याचा नव्हता.

पुढं त्यानं खाट मागितली, स्टो मागितला. मावशीनं दोन्ही दिलं. नव्या खोलीत मुलगी सगळं नवं घेऊन देणारच होती. शेवटी तो चाचरत म्हणाला, "तुमचा एखादा फोटो? भिंतीवर लावला असता. इथं कोण राहायचं ते लोकांना कळेल."

मावशीनं खोलीची किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

"फोटो नाही मिळायचा," ती म्हणाली. "मी अजून जिवंत आहे."