फुटक्या नाकाची सुंदरी

परभणीच्या स्टँडवर सोनपेठची एसटी उभी होती. समोरच्या भिंतीवर विद्यापीठाच्या नामांतराच्या दोन उलट घोषणा एकमेकींवर रंगवल्या होत्या आणि दोन्ही धड वाचता येत नव्हत्या. मी पुण्याचा ड्रॉइंग मास्तर. जुन्या देवळांवरचं कोरीवकाम कागदावर उतरवायचं खूळ डोक्यात असल्यामुळे सुट्टीत घरी सापडत नाही. या खेपेला सोनपेठपुढच्या एका गावातली, आरशात पाहणारी दगडी सुंदरी काढायची होती.

सोनपेठला बाजाराचा दिवस. पुढची गाडी आलीच नाही, कंट्रोलर जांभई देऊन मोकळा झाला. शेवटी बाजारातून परतणाऱ्या बैलगाडीत बसलो आणि हाडं खिळखिळी करून घेतली. वाटेत काळी रानं, पलीकडे गोदावरी (इथे तिला सगळे गंगाच म्हणतात), आणि ऊस तोडायला गेलेल्यांची कुलूपबंद घरं.

देऊळ दिसलं आणि शीण पळाला. अस्सल हेमाडपंती! दगडात खाच पाडून दगड बसवलेला, चुन्याचा ठिपका नाही. अशी सगळी देवळं आपण यादवांच्या एका प्रधानाच्या नावावर खपवतो. खरं तर कित्येक त्याच्या जन्माआधीची आहेत. खांबांवर कीचक (छत तोलणारे बुटके) पोट पुढे काढून बसलेले. सुंदरी मात्र जागेवर नव्हती. ती अंगणातल्या एका गाडीत, कडब्यावर आडवी होती.

"ही कुठे निघाली?" मी ओरडलोच.

"गंगेत," गाडीशेजारची म्हातारी म्हणाली. तिचं नाव गयाबाई. ऊसतोडीला गेलेल्या तिच्या लेकाचा हात चाकाखाली सापडून कामातून गेला होता. गावाने ठरवलं, नाक फुटलेली देवी पूजेत ठेवली, तिचाच हा कोप. खंडित मूर्ती वाहत्या पाण्यात सोडायची, ही रीत. जागेवर नवी संगमरवरी देवी येणार होती.

गयाबाईने मला भाकरी-ठेचा वाढला. ठेच्याने डोळ्यांत पाणी आणलं. तिच्या डोळ्यांत ते आधीच होतं. "माझ्या सासूपासून आमी हिला कुंकू लावतो. लय जीव हाय माझा तिच्यावर. पर लेकरासाठी पाठवावीच लागती. वटी (ओटी) भरून, लेकीवाणी लावून देते." मांडीवर हिरवं लुगडं आणि नारळ होता.

मला काही राहवेना. एवढी घडण पाण्यात जाणार! देवळाचे कारभारी नव्या देवीच्या चौथऱ्याच्या बांधकामापाशी उभे होते, त्यांना गाठलं. "अहो, ही देवी नाहीच. देवळाची शोभा म्हणून कोरलेली बाई आहे. हातात आरसा बघा की! देवीच नाही, तर खंडित झाल्याचा दोष कसला?"

कारभारी विचारात पडले. "म्हंजे, देवी न्हाई?"

"मुळीच नाही!" जिंकलो, असं वाटलं मला.

"मग गंगेला कशाला न्यायची? गाडी उगंच अडकली." त्यांनी गवंड्याला हाक मारली. "हिला बी चौथऱ्यात घाल रं. दगड कमी पडायलेत."

मी "थांबा, थांबा" करत धावलो. घणाचे दोन घाव पुरले. आरशाचा हात एकीकडे, तोंड एकीकडे.

"आता काय झालं? तुमीच तर सांगितलं," कारभारी म्हणाले. चिडून नाही, खरोखरच न कळून.

गयाबाई लुगडं घेऊन तशीच उभी होती. तिने मला एक शिवीही दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. "मास्तर, देवी न्हवती तर न्हवती," ती म्हणाली. "पर आता मी वटी कुणाची भरू?"

परतीच्या एसटीत कोरे कागद मांडीवर घेऊन बसलो. त्या सुंदरीबद्दल मी जे बोललो ते अक्षरन्‌अक्षर खरं होतं. मी तोंड मिटून बसलो असतो, तर आज ती हिरवं लुगडं नेसून गंगेच्या वाळूत अख्खी निजली असती.