अर्ध्या ओटीवर गाठ सोडणाऱ्या कांताबाई

वर्ष झालं, मला कोणी धड झापलंच नाही.

कांताबाई, माझ्या मोठ्या जाऊबाई. मागच्या वर्षी आजच्याच दिवशी गेल्या.

सोबतच्या फोटोत वाकलेल्या दिसतात ना? सरळ उभ्या असतानाचा फोटो शोधला, मिळाला नाही.

आवाज मात्र असा, की सावरगावच्या वावरात ओरडल्या तर पांढुर्ण्यात ऐकू जावं!

लग्नानंतर पहिल्याच वेचणीला मी फुल जोशात होते. कापूस वेचताना आम्ही बायका कमरेला जुन्या लुगड्याची ओटी बांधतो. जिची ओटी भरून गुडघ्यापर्यंत लोंबते, ती बाई कामाची, असा आमच्याकडे मान.
मलाही तो मान हवा होता.

पण ओटी अर्धी भरली की या मागून यायच्या आणि सरळ गाठच सोडायच्या.

"जाय, ढिगावर टाकून ये."
"अजून मावते ना बाई!"
"मावते तं काय? कंबर का भाड्यानं आणली वो?"

सगळ्या बाया हसायच्या. मला असा राग यायचा!

त्याच वेचणीतल्या एका संध्याकाळी त्यांना दाराची चौकट धरून हळूहळू सरळ होताना पाहिलं. तोंडातून आवाज नाही, फक्त डोळे मिटलेले.
"लय मोठी ओटी बांधत होती मी," एवढंच म्हणाल्या.

शेवटी पडल्या, मांडीचं हाड मोडलं आणि अंथरूण धरलं. उठवणं-बसवणं माझ्याकडे. हात घातला की कानाशी कॉमेंट्री सुरू.

"आंधी गुडघे वाकव. मले अंगाशी घे. कमरेतून वळू नको, पाय फिरव."
"बाई, मी तुम्हाले उचलून राहिली का तुम्ही मले?"
"तुही कंबर गेली तं मले कोन उचलीन?"

अशी स्वार्थी बाई! फार जीव होता माझा त्यांच्यावर.

त्या गेल्या त्या सकाळी त्यांना पलंगावरून खाली घ्यायचं होतं. मी म्हटलं, मीच घेते.

गुडघे वाकवले. अंगाशी धरलं. पाय फिरवले.

जमिनीवर ठेवलं आणि तशीच थांबले, काहीतरी बोलतील म्हणून.

आज वेचणी होती. ओटी अर्धी झाली, मागे वळून पाहिलं, आणि गाठ मीच सोडली.

बाई, माझी कंबर चांगली आहे.
तुम्ही आता निवांत पाठ टेका.