बसून वाजवणारी

माझा डावा पाय उजव्याच्या तोडीस तोड चालतो, हे मी कुणालाही सांगत सुटते. न विचारता सांगते. सांगलीत मी ज्या कॉलेजात शिकवते, तिथल्या स्टाफरूममध्ये हे ऐकून बायका डोळे फिरवतात. फिरवू देत. डबल पेडल वाजवून बघा म्हणावं एकदा.

ड्रमसेटमध्ये तळाशी जो मोठा ड्रम असतो तो पायाने वाजवतात. पेडल दाबलं की बीटरचा गोळा त्यावर आपटतो. डबल पेडलमध्ये दोन्ही पायांखाली एकेक पेडल, दोन्हींना जोडणारी एक लोखंडी दांडी, आणि दोन बीटर एकाच ड्रमवर. ठोके इतके सारखे पडायला हवेत की कुठला पाय कुठला ते ऐकणाऱ्याला कळू नये. माझं ते तेव्हा बहिऱ्यालाही कळलं असतं. उजवा दणकून पडायचा आणि डावा मागून फरफटत यायचा. आमच्या बँडचा कार्यक्रम तोंडावर आला होता. त्यात एक गाणं असं होतं की पायांना उसंतच नाही. ते गाणं गाळूया, अशी कुजबुज बँडमध्ये सुरू झाली. ती माझ्या कानावर आली आणि माझं डोकं फिरलं.

नेमके त्याच दिवसांत आबा, म्हणजे माझे वडील, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मलकापूरहून माझ्याकडे राहायला आले.

आबा फौजेतून रिटायर झालेले. घरात वाद्य आणायचं नाही, हा त्यांचा कायदा. शाळेत मला लेझीमसुद्धा खेळू दिली नव्हती. त्यांचे वडील हलगी वाजवायचे. गावात लग्न असो की मयत, बोलावणं आलं की जायचं, दुसऱ्याच्या दारात उभं राहून वाजवायचं आणि पंगती उठल्या की उरलेलं घेऊन यायचं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर आजोबांनी हलगी चुलीत घातली. पण गावाची जीभ काही बदलली नाही. आबांना नावाने कुणी हाक मारली नाही. हलगीवाल्याचं पोरगं, एवढीच त्यांची ओळख. ती पुसायलाच ते फौजेत गेले.

तर असे आबा माझ्या हॉलमधला ड्रमसेट बघून उंबऱ्यातच थांबले.

"ह्याच्यासाठी शिकवली तुला?"

"आबा, मी कुणाच्या दारात जाऊन वाजवत नाही. हौस आहे माझी."

"हौस," एवढंच म्हणाले, आतल्या खोलीत गेले आणि दार ओढून घेतलं.

हट्टीपणात मी त्यांचीच लेक. ऑपरेशननंतर मी त्यांच्या डोळ्यात थेंब वेळेवर घालत होते, भाकरी गरम वाढत होते आणि संध्याकाळी आवाज दबावा म्हणून ड्रममध्ये गोधडी कोंबून सरावालाही बसत होते. खरं सांगायचं तर कार्यक्रमातल्या टाळ्यांचं मला फारसं काही नव्हतं. या एका माणसाने मला वाजवताना ऐकावं आणि त्यांना लाज वाटू नये, एवढंच हवं होतं. आणि डावा पाय असा लंगडत असताना त्यांना ऐकवायचं तरी काय?

मग मी पेडलच्या मागे लागले. दोन्ही स्प्रिंगा सारख्याच आवळलेल्या होत्या आणि चूक तिथेच होती, कारण डाव्याला दांडीचंही ओझं ओढावं लागतं. डाव्याची स्प्रिंग डोळ्यांनी नाही, पायाने जोखत जरा जास्त आवळली. दांडी तिरकी जात होती, ती सरळ केली. दोन्ही बीटर ड्रमपासून सारख्या अंतरावर आणले. टाच उचलून नुसत्या घोट्यातून पाय हलवायचा सराव केला, तोही डाव्यापासून सुरुवात करून. बरंच सुधारलं. पण गाणं अर्ध्यावर आलं की मांडी भरून यायची आणि डावा परत मागे पडायचा.

अशाच एका संध्याकाळी बंद दारामागून आवाज आला, "डावा उशिरा पडतोय."

मी थबकले. म्हणजे ऐकत होते तर!

"परेडीत असतीस तर उस्तादानं भायेर काढली असती," म्हणत आबा काळा चष्मा लावून बाहेर आले. माझ्याकडे, मग माझ्या पायांकडे बराच वेळ बघत राहिले.

"बसूनच वाजवायचं असतंय व्हय हे?"

"हो. उभं राहून नाही जमत. दोन्ही पाय मोकळे लागतात."

"तुजा आजा हुबा असायचा. सगळी वरात सरंस्तवर हुबा. बसाय कोण देतंय?" मग म्हणाले, "बसाय मिळतंय तर येवढी खाली का बसलीयास गं?"

मी खाली बघितलं. गुडघे पार वर आलेले. वाजवायला शिकले ते प्लॅस्टिकच्या बुटक्या स्टुलावर, आणि चांगलं स्टूल घेतल्यावरही सवयीने तेवढंच खाली ठेवलं होतं. प्रत्येक ठोक्याला अख्खी मांडी उचलावी लागत होती, मग ती थकणार नाही तर काय? स्टुलाचा स्क्रू फिरवून ते वर घेतलं. पाय एकदम हलके झाले. डावा लगेच सुधारला असं नाही, पण मांडी भरून येणं त्याच दिवशी थांबलं.

"ह्या स्टुलाला काय म्हणत्यात?" आबांनी विचारलं.

"थ्रोन."

"म्हंजी?"

"सिंहासन."

"चेष्टा करतीस व्हय बापाची?"

मी माळ्यावरून त्याचं खोकं काढून पुढे धरलं. त्यावर इंग्रजीत 'ड्रम थ्रोन' असं छापलेलं होतं. चांगला डोळा जवळ नेऊन त्यांनी एकेक अक्षर वाचलं आणि खोकं माझ्या हातात दिलं. त्या दिवसानंतर आतलं दार उघडं राहायला लागलं. डावा चुकला की आतून "डावा!" अशी आरोळी यायची. मी चिडायचे आणि पहिल्यापासून वाजवायचे.

कार्यक्रमाच्या दिवशी आबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. आमच्या आधीच्या बँडच्या ड्रमरने स्टूल पार खाली करून ठेवलेलं होतं. मी पेडल लावण्यात गुंतले होते, तेवढ्यात आबा स्टेज चढून आले आणि खाली बसून स्वतःच स्क्रू फिरवायला लागले. आयोजकांपैकी एकजण धावत आला.

"अहो काका, कोण तुम्ही? खाली उतरा."

आबांनी स्टूल मनासारखं वर घेतलं, हाताने दाबून बघितलं आणि मगच उठले.

"वाजवणारीचा बाप हाय मी," ते म्हणाले. सगळ्या हॉलला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले. मग माझ्याकडे वळून सिंहासनाकडे हात केला. "बस."