आखाजीचा मुऱ्हाळी

ही गोष्ट मी आजवर कोणाजवळही काढलेली नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही — ज्यांच्याबरोबर रोज डबा खाते त्या केंद्रातल्या बायकांजवळ तर नाहीच. आमचं काम असं की दिवसभर दुसऱ्यांकडून खरं काढून घ्यायचं. "बोल बाई, मोकळी हो, इथे तुला कोणी नावं ठेवणार नाही." ते मी बरं करते, असं लोक म्हणतात. स्वतःची पाळी आली की मात्र दातखीळ बसते. आज बोलते. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून कदाचित सोपं जाईल.

मी धुळ्यात एका संस्थेच्या समुपदेशन केंद्रात आहे. मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या बायका आमच्याकडे येतात — कडेवर पोर, हातात कपड्यांची पिशवी. केंद्र सगळ्यांना माहीत आहे, बाहेर मोठी पाटी आहे. पण या बायका जिथे राहतात ते घर वेगळं. त्याला पाटी नाही. त्याचा पत्ता बापाला सांगायचा नाही, भावाला सांगायचा नाही. कोणाला भेटायचं असेल तर आधी कळवून, केंद्रात, आमच्यासमोर. नव्याने कामाला लागलेल्या मुलींना हा नियम मीच शिकवते. अजूनही. काय म्हणावं याला?

योगिता साक्रीकडची. माहेर आणि सासर दोन्ही त्याच बाजूला. नवरा चारचौघांत इतका गोड बोलायचा की पहिल्या भेटीत मलाही वाटलं, हिचंच काही चुकत असेल — हेही सांगून टाकते, एवीतेवी बसलेच आहे तर. घरात तो हाताला येईल ते फेकून मारायचा. तिची मुलगी खुशी तेव्हा अंगणवाडीच्या वयाची. आमच्या घरात आल्यावर ती दाराकडे पाठ करून जेवायला बसायचीच नाही; ताट उचलून भिंतीशी जायची. मग हळूहळू बाकीच्या पोरांच्या पंगतीत बसायला लागली, दाराचं भान सुटलं. योगिता शिवणकाम शिकत होती. बरं चाललं होतं.

आणि आखाजी आली. बाहेरचे अक्षय्य तृतीया म्हणतात. आमच्या खानदेशात तो लेकींचा सण. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. त्यांना आणायला भाऊ जातो — तो मुऱ्हाळी. मुऱ्हाळ्याला दारातून रिकामं पाठवायचं नाही, हे आमचं बाळकडू. सासू कितीही खाष्ट असली तरी मुऱ्हाळी दिसला की तोंड गोड करते.

सणाच्या आदल्या दिवशी केंद्र लवकर बंद करत होते. मी एकटीच होते. पायरीवर एक तरुण माणूस बसलेला, शेजारी पिशवी. मला बघून उठला.

"ताई, मी योगिताना भाऊ शे. आखाजीले तिले लेवाले ऊनू."

पिशवी उघडून दाखवली. आत साडी, बांगड्या आणि आईने दिलेल्या सांजोऱ्यांचा डबा. म्हणाला, "माय वाट देखी राह्यनी. लेक घर नही ते गौराई कोण बसाडी?"

मी काय करायला हवं होतं, ते मला झोपेतही सांगता आलं असतं. सणानंतर ये, केंद्रात भेट, तिला विचारून ठरवू. पण मी त्याच्याशी अहिराणीत बोलायला लागले. ऑफिसची मराठी सुटली की नियमही सुटतात की काय, कोण जाणे. माझा स्वतःचा भाऊ सुरतला असतो. कित्येक आखाज्या झाल्या, न्यायला आलेला नाही. ही सबब म्हणून सांगत नाही. मनात ते होतं, एवढंच. मी त्याला म्हटलं, पिठाच्या गिरणीच्या मागे जा, बाहेरून जिना असलेलं घर आहे, खालून हाक मार.

तासाभरात योगिताचा बसस्टँडवरून कोणाच्या तरी मोबाईलवरून फोन आला. रडत होती, हसत होती. "ताई, तुमना लई उपकार!" मी खूश झाले. घरी जाऊन आमरस केला.

पुढचं तुमच्या लक्षात आलं असेल. भावाला मेहुण्यानेच पाठवलं होतं. सण झाला आणि नवरा माहेरच्या अंगणात हजर. गावातली चार माणसं बसली, सगळ्यांनी मिळून तिला समजावलं, नांदायला धाडलं. नवऱ्याने तिच्या भावाकडून आमच्या घराचा पत्ताही काढून घेतला होता. एका दुपारी तो आमच्या त्या घराच्या जिन्याशी आला, शिव्या दिल्या, खिडक्यांच्या काचा फोडल्या. आतल्या बायका पोरांना घेऊन मोरीत कोंडून बसल्या. ते घर आम्हाला सोडावं लागलं.

इथपर्यंतची ती चूक. चूक कोणाच्याही हातून होते. मी सांगायला बसले ते याच्यापुढचं आहे.

आमच्या संस्थेच्या प्रमुखांना सगळे अक्का म्हणतात. निवृत्त परिचारिका, कडक पण जिव्हाळ्याची बाई. त्यांनी सगळ्यांना बसवून विचारलं, पत्ता बाहेर कसा गेला? मग एक आवाज आला — माझाच — "योगितानेच भावाला फोन केला असणार. कोणाचा तरी मोबाईल मागून घेतला असेल तिने." किती सहज निघालं तोंडातून! कोणी मला विचारलंही नव्हतं. त्या दिवसापासून घरातल्या सगळ्या बायकांचे मोबाईल काढून घेतले गेले. त्या चडफडल्या, योगिताला नावं ठेवली. मीही दोन शब्द घातले.

पावसाळा सरता सरता योगिता परत आली. गाल सुजलेला, डाव्या कानात कापूस. खुशी तिच्या पदराला धरून, नजर दाराकडे. अक्कांनी आधी तिला दवाखान्यात नेऊन आणलं, चहा दिला, मग समोर बसवलं. मी बाजूच्या खुर्चीत.

"योगिता, खरं सांग बेटा. भावाला पत्ता तू दिलास?"

ती माझ्याकडे बघायला लागली. मी खिडकीकडे बघत राहिले. मी बोलेन अशी तिला आशा होती का? असणारच. एक वाक्य पुरलं असतं — अक्का, पत्ता मी दिला. अक्का रागावल्या असत्या, फार तर कामावरून काढलं असतं. मला घर होतं, नवरा होता, माझ्या ताटातली भाकरी कुठे जाणार नव्हती. आणि तिच्याकडे काय होतं?

"हा अक्का," ती म्हणाली. "मीच करा फोन."

अक्कांचे डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, "पोरी, तुला मी टाकत नाही. पण इथे नाही ठेवता येणार. बाकीच्यांच्या जिवाचा प्रश्न आहे." नाशिककडच्या एका घरात त्यांनी फोन करून सोय केली. योगिता म्हणाली, तिकडे आपलं कोणी नाही, विचार करून सांगते. खुशीला पाणी पाजलं आणि दोघी बाहेर पडल्या. रस्त्यापलीकडे साक्रीची बस लागलेली होती. त्यांना तिच्यात चढताना मी बघितलं. हाक मारली नाही. तिने माझं नाव का घेतलं नाही, ते मला आजही नीट कळलेलं नाही.

मागच्या वर्षी साक्रीच्या आठवडे बाजारात आमचा महिला जनजागृतीचा कार्यक्रम होता. भाषण माझं. खाली उतरले तर कोणीतरी म्हणालं, "ताई, वळखं का?"

योगिता. समोर मिरच्यांचा ढीग. पूर्वीपेक्षा वाळलेली. मी काहीबाही विचारलं, तर तिने मान वळवून उजवा कान माझ्याकडे केला. डाव्याने ऐकू येत नाही, म्हणाली, तेव्हापासूनच. नवऱ्याचं तिने काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. शेजारी खुशी उभी, आता उंच झालेली, शाळेच्या कपड्यांत. मला तिने ओळखलं नाही.

योगिता तिला म्हणाली, "या ताई शेत. यास्नी आपलाले आसरा दिधा व्हता. पाय पड."

पोरगी वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आशीर्वाद दिला.