स्वादुपिंडाचा रकाना

मेलेल्या माणसांची माहिती गोळा करणाऱ्यांकडं हसण्यासारखं काय असणार, असं लोकांना वाटतं. आमच्याकडं पोतं भरेल एवढं आहे! नोकरी संपून किती वर्षं झाली, पण आम्ही जुने दोघं-तिघं जमलो की चहा गार होतो आणि किस्से संपत नाहीत. एक सांगावा तर त्याच्या मागून दुसरा आठवतो. आज ओळीनं सांगते, मधे कुणी बोलू नका.

आधी माणसं. मी बिराजदार सिस्टर, मुरुमच्या बाजूला एका आरोग्य केंद्रात नर्स होते. डॉक्टर जेवळीकर आमचे मुख्य. आणि बनसोडे, आरोग्य सेवक. सायकलवर गावोगाव फिरायचे, मलेरियाच्या गोळ्या वाटायचे, लस टोचायचे. शिवाय एक जादा काम होतं. गावात कुणी गेलं की दहावं-तेरावं उरकल्यावर त्या घरी जायचं, ओट्यावर टेकायचं आणि छापील फॉर्मवरचे प्रश्न विचारायचे. ताप होता? खोकला होता? पोट दुखायचं? उत्तरांवरून मरणाचं कारण ठरवायचं आणि त्या रकान्यात खूण करायची. खेड्यात मरताना शेजारी डॉक्टर कुठला, म्हणून ही सोय.

डॉक्टरांना एकच ध्यास होता. स्वादुपिंडाचा कॅन्सर! जठराच्या मागं दडलेला अवयव, त्याचं दुखणं बाहेर दिसेपर्यंत माणूस हाताबाहेर गेलेला असतो. आपल्या भागात यानं माणसं जातात याची त्यांना खात्री होती. पण फॉर्मवर त्याला रकानाच नव्हता. सगळी माणसं 'कावीळ' नाहीतर 'इतर' मध्ये जायची आणि जिल्ह्याच्या तक्त्यात हा रोग शून्य! डॉक्टरांनी वर पत्र टाकलं, रकाना द्या. उत्तर आलं, "सदर रोगाने मृत्यूची नोंद नाही, सबब रकान्याची आवश्यकता नाही."

डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "रकाना नाही म्हणून नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून रकाना नाही! सिस्टर, हा रकाना घेतल्याशिवाय मी रिटायर होणार नाही."

आज त्या फॉर्मवर तो रकाना आहे. कसा आला, तेच सांगतेय.

*

बनसोडे यायच्या आधी या नोंदींचं काय चाललं होतं, ते ऐका. सास्तूरकडच्या एका गावात वर्षभर जो गेला तो तापानं गेला. म्हातारे तापानं, तरणे तापानं, बाळंतीण तापानं. त्यात विहिरीत पडलेला एक माणूस, तोही ताप!

डॉक्टरांनी नोंद करणाऱ्या गृहस्थांना बोलावून घेतलं. "अहो, विहिरीत पडलेला माणूस तापानं कसा जाईल?"

गृहस्थ जराही डगमगले नाहीत. "साहेब, पडायच्या आदी चार दिस त्याला ताप व्हता की!"

*

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आम्ही सगळे आरोग्यवाले रस्त्याच्या नाहीतर पाझर तलावाच्या कामावर. पाण्यात क्लोरिन टाका, लस टोचा, उन्हानं घेरी आलेल्यांना सावलीत न्या. फॉर्म कपाटात धूळ खात पडले. वर्षअखेर तक्ता झाला तर काय, आमच्या भागात सगळेच रोग निम्म्यावर आलेले! कॅन्सर तर औषधालाही नाही. वरून कौतुकाचं पत्र आलं.

डॉक्टरांनी ते पत्र बनसोडेंपुढं धरलं. "काय हो, दुष्काळात कॅन्सरनं सुट्टी घेतली का?"

"न्हाय साहेब," बनसोडे म्हणाले, "मरणारे गावातच मरत व्हते. लिवणारे समदे खडीवर व्हते."

डॉक्टरांनी ते वाक्य तसंच्या तसं उत्तरात घातलं. पुन्हा कौतुकाचं पत्र आलं नाही.

*

आता रोग ओळखायचा कसा? फॉर्मवरचे प्रश्न पुरेनात. डॉक्टर खडूनं फळ्यावर चित्र काढून लोकांना समजावायचे, हे जठर, हे त्याच्या मागं स्वादुपिंड. लोक मान डोलवायचे आणि जाताना खोकल्याचं औषध मागायचे.

एकदा मुरुमचे म्हातारे हकीमसाहेब दाढदुखी घेऊन आले. निजामाच्या काळापासून युनानी औषधं द्यायचे. फळ्याकडं बघून म्हणाले, "ये तो लबलबा! आमच्यात याला लबलबा म्हंतात. डोळे पिवळे, अंगाला खाज, पोटातली कळ सरळ पाठीत. माणूस उशी पोटाशी धरून पुढं वाकून बसला की समजायचं."

डॉक्टरांनी खडू टाकला, दाढ राहिली बाजूला, तिथंच बसून सगळं लिहून घेतलं. तेच आमचे जादा प्रश्न झाले. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "हकीमसाहेब, यावर तुमच्याकडं औषध काय?"

"तुमच्याकडं काय हाय?"

"काही नाही."

हकीमसाहेब हसले. "मग डॉक्टरसाब, आपन दोघं एकाच कॉलेजचे की!"

*

नवे प्रश्न घेऊन बनसोडे फिरायला लागले आणि एक भलतीच गोष्ट ध्यानात आली. गरिबाच्या घरी कावीळ, आणि साखर कारखान्याच्या आसपास ज्याला म्हणून मान आहे तो हार्टनं! हार्टमध्ये एक रुबाब होता. कॅन्सर म्हटलं की घराण्याला बोल, पोरींच्या सोयरिकी अडायच्या.

अशाच एका कारखान्याच्या चेअरमनचे वडील गेले. बनसोडे फॉर्म घेऊन पोचले. त्यांना बसायला खुर्ची दिली, हे मुद्दाम सांगते, कारण जयंतीचा निळा झेंडा लागणाऱ्या वस्तीतल्या माणसाला सगळ्याच घरी खुर्ची मिळत नव्हती. चेअरमन म्हणाले, "बनसोडे, हार्ट लिहा. झटक्यात गेले."

"लिवतो साहेब. पर प्रश्न इचारावे लागत्यात."

"विचारा की. झटक्यात गेले."

तेवढ्यात आतून त्यांच्या आई दारात आल्या. डोईवरचा पदर सारखा केला आणि लेकाकडं बघून म्हणाल्या, "झटक्यात? चार म्हैने म्या पाठ शेकत व्हते त्यांची! उशी धरून वाकून बसायचे. हार्ट असं करतंय व्हय?"

चेअरमन हळूच म्हणाले, "आई, घरात दोन पोरी लग्नाच्या हायेत."

"ज्याला पोरी करायच्यात तो सरकारी कागद वाचून न्हाय करत. तुम्ही लिवा हो बनसोडे, म्या सांगते!"

बनसोडेंनी लिहिलं. कारखान्यात भल्याभल्या डायरेक्टरांना जमलं नाही ते म्हातारीनं एका दमात केलं, चेअरमन गप्प बसले! दोन्ही पोरींची लग्नं पुढच्या दोन हंगामात चांगल्या घरी झाली. मीच जेवून आले दोन्हीकडं.

*

'इतर' मध्ये खूण करून शेजारी पेनानं रोगाचं नाव लिहायचं, असं आम्ही सुरू केलं. त्यामुळं वरच्या तक्त्यात मुरुमच्या बाजूला हा रोग दिसू लागला, बाकी जिल्हा कोरा. आणि नेमकी तेव्हा बनसोडेंची बदली झाली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, तेरखेड्याला!

वर्ष गेलं. आणि वरून एक मोठे साहेब जीपनं नकाशा घेऊन हजर. "डॉक्टर, हे विलक्षण आहे! तुमच्याकडचा रोग एकदम खाली आलाय, आणि जिथं कधीच नव्हता त्या तेरखेड्याला एकदम वर गेलाय. काहीतरी स्थानिक कारण असणार."

डॉक्टरांना कारण तिथंच कळलं होतं. पण त्यांचा स्वभाव खट्याळ. म्हणाले, "चला साहेब, जाऊनच बघू." मलाही जीपमध्ये घेतलं.

तेरखेड्यात साहेबांना घराघरांत फटाके बनवताना दिसले आणि त्यांचे डोळे चमकले. गंधक, सोरा, कोळशाची भुकटी! त्यांनी बाटल्यांत पाणी घेतलं, पुड्यांत माती घेतली. एका वयस्कर कारागिराला विचारलं, "हे काम किती वर्षं करता?"

"आज्यापासनं."

"मग या मसाल्यानं हा आजार गेल्या वर्षीच कसा वाढला?"

कारागिरानं हात पुसले, आमच्यामागं सायकल धरून उभ्या असलेल्या बनसोडेंकडं बोट केलं. "साहेब, फटाके आज्याच्या काळचे. हे गेल्या जूनमधी आले."

परतीच्या वाटेवर तुळजापूर आलं तसा साहेबांनी नकाशा गुंडाळून ठेवला. मग म्हणाले, "डॉक्टर, म्हणजे जिल्हाभर बनसोडे असते तर?"

"तर नकाशा वेगळा दिसला असता, साहेब."

माणूस भला होता. त्यांनी वर जाऊन शब्द टाकला. उत्तर आलं, की निर्विवाद असा एक तरी फॉर्म पाठवा. सगळ्या प्रश्नांची उत्तरं हवीत, आजार जवळून पाहिलेल्या माणसानं दिलेली, आणि सोबत मोठ्या दवाखान्याचा कागद. मग पुढच्या छपाईत रकान्याचा विचार करू.

*

एकच फॉर्म! किती सोपं वाटतं. उत्तरं मिळायची, कागद मिळायचा नाही. आमच्याकडं माणूस गेला की त्याची वाकळ, कपडे, औषधाच्या बाटल्या घरात ठेवत नाहीत. बनसोडेंना एक घर असं सापडलं, की म्हाताऱ्याला सोलापूरला नेलं होतं, पोट उघडलं होतं, तिथल्या डॉक्टरांनी रोगाचं नाव कागदावर लिहून दिलं होतं. बनसोडे आनंदानं हात चोळत म्हणाले, "कुठंय कागद?"

थोरला मुलगा म्हणाला, "सदऱ्याच्या खिशात व्हता. जाळला की सरणावर."

"अवो, कागद कशाला जाळला?"

"त्यांचंच दुखणं व्हतं साहेब. त्यांच्यासंगं दिलं."

बनसोडेंनी हे येऊन सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच डॉक्टर हसले नाहीत. रिटायर व्हायला दीड वर्ष राहिलं होतं.

*

आणि मग डॉक्टरांच्याच डोळ्यांत पिवळं दिसायला लागलं.

आधी मला दिसलं. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "सिस्टर, खाज पण आहे. आणि कळ पाठीत जातेय. तुम्ही आणि मी दोघंही पास आहोत या परीक्षेत, उगाच कावीळ म्हणू नका." मी औषधांच्या खोलीत जाऊन रडले. खोटं कशाला सांगू, खूप रडले.

सोलापूरला पोट उघडलं आणि तसंच शिवलं. घरी आल्यावर त्यांनी पहिला निरोप तेरखेड्याला धाडला. बनसोडे एस्टीनं आले. सकाळची वेळ होती, डॉक्टर अंगणात आरामखुर्चीत उशी पोटाशी धरून वाकून बसले होते. शेजारी मी आणि वहिनी, डॉक्टरांच्या मिसेस.

"फॉर्म आणलाय ना?" डॉक्टरांनी विचारलं.

बनसोडेंनी पिशवीतून फॉर्म काढला.

"हा सोलापूरचा कागद आधी ताब्यात घ्या. आमच्या घरचे पण जाळतील. आता विचारा."

बनसोडे फॉर्मची घडी उघडायचे आणि पुन्हा घालायचे. शेकडो ओट्यांवर बसलेला माणूस!

"अहो, साऱ्या जिल्ह्याला विचारलंत, माझ्याच दारात काय लाजता? तुमच्यासारखं विचारणारा दुसरा नाही. वाचा."

"मरणाआधी... किती दिवस आजारी व्हते?"

"तो कोरा ठेवा. सिस्टर भरतील. पुढं."

"कळ पाठीत जायची का?"

"जाते. जायची, असंच लिहा. फॉर्म वर पोचेपर्यंत बरोबर होईल."

वहिनी आत निघून गेल्या. डॉक्टरांनी एकूण एक प्रश्नाचं उत्तर दिलं, कुठं बनसोडेंचं अक्षर घाईत बिघडलं तर पुन्हा लिहायला लावलं. शेवटचा प्रश्न राहिला.

"माहिती देणाऱ्याचं मृताशी नातं?"

"स्वतः," डॉक्टर म्हणाले, आणि सही केली.

दोन महिन्यांनी 'किती दिवस आजारी' हा कोरा रकाना मी भरला. फॉर्म कागदासकट वर गेला आणि पंधरा दिवसांत परत आला. लाल शाईत शेरा होता, 'माहिती देणारा व मृत एकच कसे? खुलासा करावा अथवा दुसऱ्या व्यक्तीचे नाव घालून दुरुस्त करावे.'

नवे डॉक्टर म्हणाले, "वहिनींचं नाव घालून टाका, काम होऊन जाईल." मी बनसोडेंना बोलावून घेतलं. त्यांनी शेरा वाचला, नाव बदललं नाही. माझं पेन मागितलं आणि लाल शाईच्या खाली सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं:

"माहिती विचारली तेव्हा साहेब हयात होते. मृत्यूनंतर घरी जाऊन पडताळणी केली. एकही उत्तर चुकीचे निघाले नाही."