ओकच्या रोपाभोवतीचं आळं

इथे अमेरिकेत, नोव्हायला आमच्या वस्तीमागे एक जंगल आहे. जंगल म्हणायचं आपलं. बाहेरून आलेल्या काटेरी झुडपांनी ते निम्मं गिळलं होतं. ती उपटून ओकची रोपं लावायला शनिवारी शाळकरी मुलं जायची. त्यात माझी लेक, म्हणजे सुट्टीच्या सकाळी तिच्यासोबत जाणारी मी. आठवडाभर ऑफिस, घरी स्वयंपाक आणि त्या सहा महिन्यांत आणखी एक काम मागे लागलं होतं, दुभाष्याचं. नागपूरहून बाबा आले होते. लेकीला मराठी कळायचं, पण बोलायला ती लाजायची. बाबांना तिचं इंग्रजी झेपायचं नाही. "आई, टेल आजोबा" आणि "सांग ना तिला" यांच्या मध्ये माझं पार भरीत झालं होतं.

त्या शनिवारी बाबाही आले. संत्र्याच्या बागेत आयुष्य गेलेला माणूस, माती हाताला लागताच खुलला. मुलांनी लावलेल्या प्रत्येक रोपाभोवती त्यांनी झकास आळं केलं. घातलेलं पाणी मुळाशी थांबावं म्हणून गोल कडा थापल्या. मुलंही बघून तसंच करायला लागली. अख्ख्या मुक्कामात बाबा इतके खूश मी पाहिले नव्हते.

मग देखरेख करणाऱ्या बाई आल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या की इथली माती चिकण, बर्फ वितळला की पाणी हटत नाही. आळ्यात ते साचून मुळं कुजतील, तेव्हा सगळं सपाट करावं लागेल. वडिलांना तेवढं सांगाल का?

मला अगदी नको झालं. बाबा तोंड पाडून बसणार, "आम्हाला काय कळतंय" म्हणणार, आणि परवा त्यांचं विमान. शेवटचा शनिवार नासवणं माझ्या जिवावर आलं. न सांगावं तर रोपं मरणार. मी वाक्यं जुळवत नुसती उभी राहिले.

लेकीने बाईंचं बोलणं ऐकलं होतं. ती मला ओलांडून गेली आणि बाबांशेजारी उकिडवी बसली.

"आजोबा, इकडे पाणी खूप आहे. स्नो मेल्ट होतो ना, मग झाड बुडणार. हे नको. सॉरी हां."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "मग कसं करायचं?"

"असं." तिने त्यांचा हात धरून कडा मोडली.

मी लगबगीने पुढे झाले. "बाबा, म्हणजे तिचं म्हणणं असं की..."

"कळलं मला," बाबा वर न बघता म्हणाले. "तू थांब जरा. आम्ही बोलतोय ना."

मी मागे सरले. त्या दोघांना माझी गरज नव्हती, आणि मला इतकं बरं वाटलं की रडूच आलं.