सोनीने मागितलेली एक वीत

भुताखेतावर माझा कधीच विश्वास नव्हता. भगताच्या दाण्यांवर नव्हता, आणि ख्रिस्ती झाल्यावर उपासनेत कोणी उठून “मला संदेश मिळाला” म्हणायचा, त्याच्यावरही नव्हता. मिशनच्या शाळेत दोन यत्ता शिकलो आहे. चुकलं तर मासिकवाल्यांनी सुधारून घ्यावं. घडलं तेच लिहितो.

गाव नवापूरपासून गुजरातच्या अंगाला, डोंगराच्या पोटात. घर कुडाचं — बांबूच्या काड्या, वरून शेणमाती. दार सवा हात रुंद. भारा घेऊन शिरायचं तर अंग वाकडं करावं लागे.

मागच्या वर्षी, लढाईमुळे रॉकेल मिळेनासं झालं होतं तेव्हाची गोष्ट. रविवारी भर दुपारी आंब्याखाली प्रार्थना चालली होती. माझी बायको सोनी उभी राहिली. चार माणसांत तोंड न उघडणारी बाई! म्हणाली, “आमचं दार एक वीत रुंद करा.” आणि बसली.

पाळक तरणा, नगरकडचा. म्हणाला, “दार म्हणजे मन. मन मोठं करा, असा प्रभूचा संदेश आहे.”

सोनी म्हणाली, “मन नाय. दार. कुडाचं.”

सगळे हसले. मी नाही. पाळक उपासनेसाठी जागा शोधत होता आणि गावात माझं घर मोठं. यानेच हिला पढवलं, मला वाटलं. नाहीतर बापाचं रक्त... सासरा भगत, दाणे टाकून पुढचं सांगायचा.

घरी विचारलं, “कोणी सांगितलं तुला?”

“सांगितलं असतं तर नाव नसतं घेतलं?”

“बापासारखी घुमायला लागली काय?”

“घुमले तर तुझ्याच डोक्यावर नाचेन. तू दार कर.”

पाळकालाही तोंडावर विचारलं. तो म्हणाला, “बाबा, भगत काय होणार ते सांगतो. संदेश काय करायचं ते सांगतो. लगेच मानू नका, पण फेकूनही देऊ नका. पारखा.”

“आधी तुम्हाला पारखतो,” मी म्हणालो.

कूड सारवताना सोनीने दाराच्या कडेला ओल्या शेणात अंगठा रोवला, हात ताणला आणि करंगळी दाबली. “इथपर्यंत.” मी दाराला हात लावला नाही. तिच्याशी धड बोललोही नाही. पावसाळा सरता सरता तिला ताप भरला. पाचव्या सकाळी गेली.

आमच्या गावात पेटीत कोणाला पुरलेलं नव्हतं, चटईत गुंडाळून नेत. पाळकाने पेटीसाठी नवापूरला निरोप धाडला. तिथला मिस्त्री नंदुरबारकडचा. कपाटासाठी आणलेल्या फळ्या पडून होत्या, त्यांचीच त्याने पेटी केली. रिकामी पेटी कुशीवर करून सहज आत नेली. सोनीला ठेवलं, खिळे ठोकले, उचलली... आणि दारात अडकली. मिस्त्री कपाळाला हात लावून म्हणाला, “बाबा, हाई पेटी आते कशी निंघी?” आत आली होती, पण आता बाहेर निघेना.

कोणी म्हणालं, कुशीवर करा. मी म्हणालो, “जिवंतपणी वाकडी होऊन शिरली. आता नाही.” खिळे काढा म्हणाले, तेव्हा मी कुऱ्हाड घेतली आणि कूड तोडला. रागात तोडला, मापबीप काही नाही. पेटी सरळ निघाली, दोन्ही कडांना घासून.

माती देऊन आलो तेव्हा पाहिलं. अंगठ्याची खूण गेली होती. तोडलेल्या कडेला करंगळीचा खड्डा होता, अर्धा.

मिस्त्रीला तीनदा विचारलं. सोनीचं नावही त्याने आधी ऐकलं नव्हतं म्हणे. पाळकाला शपथ घातली, तर तो रडायलाच लागला. तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्या, तूच खुणेवर तोडलंस. असेल. पण पेटी तेवढीच रुंद कशी झाली?

दार स्वतःसाठीच लागणार, हे तिला ठाऊक होतं का? आणि मी वेळेवर केलं असतं तर ती...? पाळक म्हणाला, “मला नाही सांगता येत, बाबा.” त्या माणसाचं एवढंच बोलणं मला पहिल्या झटक्यात खरं वाटलं.

दार तसंच आहे. चौकट बसवली नाही. भारा घेऊन आता सरळ आत जाता येतं. पण दाराशी आलो की अंग अजून वाकडं होतं.